पाठ टेकली तो दिवस

परवा तरसालीहून रावपुऱ्याला रिक्षाने निघालो, तर रिक्षावाला रस्त्याकडे कमी आणि आरशात जास्त बघत होता. ही नजर माझ्या ओळखीची आहे. माझं नाव आठवायचा प्रयत्न तो करत नसतो, कारण ते त्याला कधी माहीतच नसतं; पण हा डावा कान त्याने कुठेतरी पाहिलेला असतो. मकरपुऱ्याच्या सिग्नलला त्याने मान वळवली आणि विचारलं, "काका, तमे पेली सिरियलमां आवता हता ने? बहु मार खाधो तमे." मी म्हटलं, हो भाई, तोच मी, आणि अजून खातो. मग पुढचा सगळा रस्ता तो त्याच्या आईबद्दल सांगत राहिला. ती संध्याकाळी तुवेरच्या शेंगा सोलता सोलता टीव्हीतल्या मला शिव्या द्यायची, आणि मालिकेतल्या सुनेने मला गोळी घातली त्या दिवशी तिने घरात शिरा केला होता. उतरताना मी तिला नमस्कार सांगितला. चांगल्या प्रेक्षकाची कदर करावी माणसाने.

मार खाणं हा माझा धंदा, आणि तो मी मन लावून केला. मला माडीवरून खाली फेकलंय, विहिरीत ढकललंय, आंब्यांच्या हातगाडीवर आपटलंय, एकदा तर बैलाच्या पायाखाली दिलंय. गुजराती सिनेमात मी ठाकोरचा माणूस होतो, हिंदीत शेठचा, मराठीत पाटलाचा, आणि मालिकांचा जमाना आला तेव्हा बिल्डरचा. मालक बदलले, माझं काम तेच राहिलं. हल्ली नवी पोरं घरी येतात, मोबाइल समोर धरतात आणि विचारतात, सर, गुंड रंगवायची तयारी कशी करता? मी सांगतो की गुंडाला काय, मिशी आणि मळकी बनियन पुरते. तयारी लागते ती पडायला. हिरोची मूठ गालापासून वीतभर लांबून जाते, तिच्यात जोर भरतो तो खाणारा. मी नीट पडलो नाही तर तुमचा हिरो म्हणजे नुसता हवेत हात हलवणारा माणूस. पोरं हसतात. त्यांना वाटतं, म्हातारा बढाया मारतोय. मारतोच आहे, पण खोट्या नाहीत. हे पडणं मी कुणाकडून आणि कसं शिकलो ते मात्र मोबाइलसमोर कधी सांगितलं नाही, कारण ते दोन मिनिटांत उरकण्यासारखं नाही.

आम्ही बडोद्याच्या रावपुऱ्यात एका घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्यावर उघडणारी अरुंद गॅलरी. खाली दुकानाच्या भिंतीवर टोल्यांची घड्याळं ओळीने लटकलेली असत, आणि दुरुस्तीला आलेली असल्यामुळे त्यांचं आपसात पटत नसे. दुपारचे बारा वाजायला लागले की ते बराच वेळ वाजत राहत. नाना, म्हणजे माझे वडील, म्हणायचे की आपल्या घरात बारा सावकाश वाजतात. नाना शाळेत संस्कृत शिकवायचे. आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, त्यामुळे रस्त्यात लोक नानांना आपणहून नमस्कार करत. अंगाने काडी, पण आवाज खणखणीत. सकाळी अंघोळीला बसले की त्यांची स्तोत्रं समोरच्या फरसाणवाल्यापर्यंत जात आणि तो त्या तालावर गाठिये पाडायचा. आपण अस्सल मराठी बोलतो असं आईचं म्हणणं होतं. पण तिची आमटी केव्हाच अर्धी गुजराती झाली होती, तिच्यातला गुळाचा खडा दर वर्षी वाढत गेला होता, आणि आमच्याकडे बदाम भिजत नसत, पलळत. "दिगू, बदाम पलाळलेत, सालं काढून खा," असं तिने हाक मारून सांगितलं की पुण्याचे पाहुणे एकमेकांकडे बघत. जिन्याच्या वरच्या टोकाला मराठी आणि खालच्या टोकाला गुजराती; मधल्या कुठल्या पायरीवर भाषा बदलते हे आम्हाला कधी कळलं नाही.

हे बदाम माझ्या एकट्यासाठी असत. लहानपणी मी सारखा आजारी असे, आणि माझ्या खोकल्याला कंटाळून नानांनी मला एक दिवस बोटाला धरून आबा वस्तादांच्या आखाड्यात नेऊन सोडलं. त्यांना माझा पहिलवान करायचा नव्हता, थंडीत घरातल्यांना झोप लागावी एवढंच हवं होतं. आबांचे वडील संस्थानच्या काळी कुस्तीसाठी कोल्हापूरकडून बडोद्याला आले आणि इथलेच होऊन गेले. आबा उंचीला बेताचे. मान म्हणून काही नव्हतीच, डोकं सरळ खांद्यांवर ठेवलेलं. गुडघे कामातून गेले होते, म्हणून ते हौदाच्या काठावर एका पालथ्या घमेल्यावर बसून शिकवत. हौद म्हणजे कुस्तीचा खड्डा. त्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद घालून ती मळलेली असे, आणि पहाटे आत शिरलं की तो आंबूस वास जो नाकात बसे तो शाळा सुटेपर्यंत हलत नसे. मांड्यांवर पडणाऱ्या थापा, धापा, कोणाचं तरी कण्हणं, आणि या सगळ्यावरून आबांचा एकच शब्द ऐकू येई: पाठ. म्हणजे, पाठ सांभाळ.

कुस्तीत पाठ मातीला टेकली की खेळ संपला, हे तर सगळीकडेच आहे. पण आबांचं म्हणणं असं की पाठ सांभाळायचा विचार करायला कुस्तीत वेळ नसतो, ते अंगात मुरलेलंच हवं. फेकला गेलास तर हवेतच कूस बदलायची आणि पोटावर यायचं. म्हणून आमच्या आखाड्यातली पोरं घरीसुद्धा पालथी झोपत. पोहायला गेलो तर कोणी उताणं तरंगत नसे. न्हाव्याच्या खुर्चीतही आम्ही पाठ न टेकता ताठ बसायचो आणि तो बिचारा दाढी करताना वैतागायचा. आणखी एक रिवाज होता. बाहेरच्या दंगलीत ज्याची पाठ टेकली असेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी यायचं, फावडं घ्यायचं आणि एकट्याने अख्खा हौद खणून माती वरखाली करायची. ती शिक्षा नव्हती. त्याला कोणी हसायचं नाही, मदत करायची नाही, विचारायचंही नाही. त्याच्या हारीबद्दल आखाड्यातल्या कोणी आवाजच काढायचा नाही. खणून झालं की चिमूटभर माती कपाळाला लावायची, की ती हार मातीत गेली. मी तो हौद कधीच खणला नव्हता. फार जिंकायचो म्हणून नव्हे, मी फारसा जिंकतही नसे. पण पालीसारखा जमिनीला चिकटून राहायचो आणि समोरचा कंटाळायचा.

या चिकटून राहण्यातच माझा डावा कान गेला. जशू हा माझा जोडीदार, पाणीगेटचा, माझ्या दीडपट. एका सकाळी त्याने माझं डोकं मातीत घासघासून मला उलटवायचा प्रयत्न केला. मी उलटलो नाही, पण उठलो तेव्हा कानाचा वडा झाला होता. आई रडली, म्हणाली, आता याला मुलगी कोण देणार. दुसऱ्या दिवशी जशू लीलो चेवडो घेऊन माफी मागायला आला, आणि आईने तो चेवडा त्याच्याच पुढ्यात बशीत घालून ठेवला, वर चहा दिला. पुढे मुलगी मिळाली. बघायला गेलो तेव्हा मी तिच्याकडे उजवी बाजू करून बसलो होतो, एवढं ती अजून लोकांना सांगते.

तो कान कधी उपयोगी पडेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी कॉलेजात गटांगळ्या खात होतो आणि नानांनी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. अशात एक दिवस गुजराती सिनेमाचे एक दिग्दर्शक आखाड्यात आले. बरोबरची माणसं त्यांना साहेब म्हणत होती, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्या सिनेमात मेळ्यातली कुस्ती होती: साधाभोळा शेतकरी हिरो दुष्ट ठाकोरच्या पहिलवानाला चीत करतो, असा प्रसंग. त्यासाठी त्यांना ठाकोरचा पहिलवान हवा होता. आम्हाला ओळीने उभं केलं. साहेब जशूसमोर थांबले, त्याचे दंड पाहिले, पुढे गेले, आणि परत फिरून माझ्यापाशी आले. एका बोटाने त्यांनी माझी हनुवटी वळवली, कान उजेडात धरला आणि म्हणाले, "आ कान जोईए." आबा घमेल्यावरून म्हणाले, "कानाबरोबर पोरगंही न्यावं लागेल."

तुम्हाला ही गंमत वाटेल, मला त्या वेळी वाटली नाही. कुस्तीत माझं पुढे काही होणार नाही हे आबांनी मला तोंडावर सांगितलं होतं, आणि अभ्यासात होणार नाही हे नानांनी. दोघांवरही माझा राग नव्हता, दोघांचंही खरं होतं. पण अशा माझ्याकडे बोट दाखवून कोणीतरी 'हा' म्हणालं होतं. ते काम मला हवं होतं. त्याआधी आयुष्यात मला काहीच इतकं हवं झालं नव्हतं. घरी सांगितल्यावर आईने आधी त्या सिनेमात बायका असतात का ते विचारलं. नाना चष्मा पुसत म्हणाले, कर, पण तिथून परत पाठवलं तर एक तारखेला मुकाट्याने मकरपुऱ्याला जायचं. मी कबूल झालो. परत कशाला पाठवतील? मला काही बोलायचंही नव्हतं. नुसतं पडायचं होतं.

शूटिंग करजणच्या पुढे एका शेतात होतं. तिथे पाळणा, बांगड्यांची दुकानं, शेरडीच्या, म्हणजे उसाच्या, रसाचा कोलू असा अख्खा मेळा उभा केला होता आणि मधोमध कुस्तीची माती टाकली होती. हिरो देखणा होता, हात मऊ. ओळख झाल्या झाल्या त्याने हळूच विचारलं, लागणार तर नाही ना? मला वाटलं, काय सज्जन माणूस. मग कळलं की तो स्वतःबद्दल विचारत होता. मारामारी बसवून देणारा माणूस त्या सिनेमाला नव्हता, साहेबांनीच समजावलं. हिरो मला खांद्यावर उचलणार, म्हणजे मीच उडी मारून त्याच्या खांद्यावर चढायचं. तो मला उताणा आपटणार. मी तसाच पडून राहायचं, आणि हिरो छातीवर गुडघा टेकवून लोकांकडे बघून हसणार. इतकं सोपं काम मला त्यानंतर कोणी दिलेलं नाही. कॅमेरा सुरू झाला, मी चढलो, हिरोने सोडलं, आणि हवेत माझं अंग आपोआप वळलं. मी पोटावर पडलो आणि दुसऱ्या क्षणाला चवड्यांवर येऊन हिरोची कंबर पकडली. हिरो किंचाळला. साहेब म्हणाले, कट.

पुन्हा केलं. पुन्हा पोटावर. साहेबांनी आधी प्रेमाने सांगितलं, मग हात जोडून, मग ओरडून. मी मनात स्वतःला बजावत होतो, उताणा पड, उताणा पड, आणि पाय जमिनीवरून सुटले की माझी कूस बदललेली असायची. मला कोणी धरलं नव्हतं, कोणी अडवत नव्हतं, माझंच अंग माझं ऐकत नव्हतं. बघायला जमलेले गावकरी खदखदा हसत होते, कारण ठाकोरचा पहिलवान दर वेळी हिरोलाच पाडायच्या बेतात येत होता. उन्हं उतरली तेव्हा साहेबांनी मला बाजूला घेतलं. "काले बपोरे छेल्ली वार," ते म्हणाले, म्हणजे उद्या दुपारी शेवटची संधी. "नहीं तो बीजो माणस तैयार छे." दुसरा माणूस म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. तो ढेरपोट्या तोवर माझा लंगोट अंगाला लावून पाहत होता.

बडोद्याला परतलो तो घरी न जाता सरळ आखाड्यात गेलो. आबा एकटेच होते, दिवा लावून हनुमानापुढे बसले होते. हायवेवर बसमध्ये उभा असताना मी सगळं नीट जुळवलं होतं. पण ज्या माणसाने पाठ टेकू नकोस म्हणून मला वाढवलं, त्यालाच पाठ टेकायला शिकवा असं कोणत्या तोंडाने सांगायचं? शेवटी जे झालं ते सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं, किंवा खूश होतील, की बघा, माझं शिकवणं किती पक्कं. ते दोन्ही झाले नाहीत.

"तुला पडायचं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि अंग वळलं?"

"हो."

आबांनी दिव्याची वात सारखी केली. "मग शिकवण्यात माझंच काहीतरी राहिलं," ते म्हणाले. "पाठ सांभाळणं तुझ्या हातात पाहिजे. तू तिच्या हातात नको. पहाटे ये."

पहाटे गेलो तर आबा हौदात उतरलेले. त्यांना मी हौदात कधी पाहिलंच नव्हतं. गुडघ्यांना फडकी गुंडाळली होती. त्यांनी मला उचललं, कसं ते अजून माहीत नाही, आणि टाकलं. मी पोटावर. पुन्हा टाकलं. पोटावर. ते ओरडले नाहीत. एकेक गोष्ट सांगत गेले: हनुवटी छातीला लाव, म्हणजे डोकं वाचेल. पडायच्या आधी श्वास सोड. दोन्ही तळहात पाठीच्या आधी मातीवर आपट. मी सगळं करायचो आणि तरी वळायचो. मग त्यांनी विचारलं, पडताना बघतोस कुठे? मी म्हटलं, मातीकडे. "तेच," आबा म्हणाले. "डोळे जिकडे जातात तिकडे अंग जातं. वर आढ्याला चिमणीचं घरटं आहे, ते बघत पड." मी वर पाहिलं. इतकी वर्षं त्या छपराखाली घालवली होती, तिथे घरटं आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी टाकलं, मी घरट्यावरची नजर काढली नाही, आणि धप्पकन आवाज झाला. मला वाटलं, काहीतरी दुसरंच पडलं. मग कळलं की मीच पडलोय, उताणा, आणि मला काही झालेलं नाही. आज माझी निम्मी हाडं शाबूत आहेत ती त्या घरट्यामुळे. कुठल्याही सेटवर गेलो की मी आधी वर बघतो. लोकांना वाटतं, म्हातारा देवाचं नाव घेतोय.

दुपारी करजणला आम्ही सगळेच गेलो, कारण कुस्तीभोवतीच्या गर्दीसाठी साहेबांनी आखाड्यातली पोरं मागितली होती. आबाही टेम्पोत पुढे बसून आले. मातीभोवती जशू आणि बाकीचे मांडी घालून बसले, मागे गावकरी. मी आबांना म्हटलं, इथे घरटं नाही. ते म्हणाले, आभाळ आहे ना. खरंच वर एक घार फिरत होती. मी हिरोच्या खांद्यावर चढलो, त्याने सोडलं, मी घारीकडे पाहिलं आणि माझी पाठ मातीवर वाजली. हलायचं नव्हतं, हललो नाही. हिरोने छातीवर गुडघा टेकवला आणि लोकांकडे बघून हसला. त्याच्याबरोबर कोणी हसलं नाही. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी हुर्यो केली नाही. सगळीकडे सामसूम. गावकरी आमच्या पोरांकडे बघत होते आणि आमची पोरं जमिनीकडे. जशूने तर डोळे मिटून घेतले होते. आखाड्यातल्या माणसाची पाठ टेकली होती, आणि त्यावर आवाज काढायचा नाही हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. जिथे जत्रा गाजायला हवी होती तिथे मयताला बसल्यासारखी माणसं बसली होती.

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून आपटली. माझं पडणं सुंदर झालं होतं आणि शॉट वाया गेला होता. सूर्य झाडांमागे चालला होता. साहेब पोरांवर ओरडले, चिल्लाओ, नाचो, कांईक तो करो. पोरं मान वर करेनात. त्यांना पटवणं साहेबांच्या हातात नव्हतं आणि माझ्याही नाही. ड्रायव्हर एव्हाना सदरा काढून तयार झाला होता. मी मातीतच बसून होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर मकरपुऱ्याचं फाटक येत होतं. तेव्हा आबा जशूच्या खांद्याचा आधार घेऊन उठले. उभं राहायला त्यांना वेळ लागला. सगळी पोरं त्यांच्याकडे बघत होती.

"दिगूला हरायचंय," आबा म्हणाले. "नीट हरू द्या त्याला. पडणं त्याचं काम आहे, ओरडणं तुमचं. ज्याचं काम त्याने केलं नाही, तो उद्यापासून माझ्या हौदात पाय ठेवणार नाही."

दुसऱ्यांदा पडलो तेव्हा घार कुठे गेली होती कोण जाणे, नुसतं आभाळ होतं, आणि माझी पाठ मातीला लागते न लागते तोच आबांचा आवाज आला, "वा रे पठ्ठे." तो माझ्यासाठी नव्हता, त्या मऊ हातांच्या हिरोसाठी होता. आबांनी डोक्याचा फेटा सोडून हवेत उडवला. मग जो काही गलका उठला, जशूने शिट्ट्या मारल्या, पोरं नाचली, गावकरी हिरोला खांद्यावर घ्यायला धावले. मी त्या सगळ्याच्या खाली उताणा पडून होतो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, पण मी पापणी हलवली नाही, कारण कॅमेरा चालू होता. कट म्हटल्यावर साहेब आले, मला हात देऊन उठवलं आणि नाव विचारलं. तोवर मी नुसता कानवाळो होतो.

हा सिनेमा पुढे बडोद्यात लागला तेव्हा आम्ही घरचे सगळे गेलो होतो. माझ्या पडण्याला थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. आई माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती, मी तिच्या हातावर हात ठेवला होता, तरी तिने अंधारात मोठ्याने विचारलं, "अहो, लागलं का हो त्याला?" पुढच्या रांगेतली बाई मागे वळून म्हणाली, "एने तो मरवुं ज जोईए," म्हणजे मेलाच पाहिजे हा. त्या बाईशी आई मध्यंतरात भांडली, आणि मला ते भांडण अतिशय आवडलं. आजवर माझ्या कामाची इतकी चांगली परीक्षणं दुसऱ्या कोणी केलेली नाहीत.

पण ते नंतरचं. करजणहून आलो त्या संध्याकाळी मी इतका थकलो होतो की जेवणाआधीच गॅलरीजवळच्या सतरंजीवर आडवा झालो. कपाळावर कोणाचा तरी हात लागला म्हणून जागा झालो. आई वाकून ताप बघत होती. "हा उताणा झोपलाय," ती नानांना म्हणाली, "याला नक्की काहीतरी होतंय."  नाना म्हणाले, झोपू दे त्याला, हा येणार नाही म्हणून मकरपुऱ्याला उद्या मी निरोप धाडतो. खाली घड्याळांचे टोले सुरू झाले आणि ते संपायच्या आत मला पुन्हा झोप लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी आखाड्याकडे निघालो. कुस्ती खोटी होती हे मला कळत होतं. पण माती खरी होती, माझी पाठ खरी होती, आणि ती सगळ्यांच्या देखत टेकली होती. हौद खणायला मला कोणी सांगणार नव्हतं आणि म्हणूनच मला खणायचा होता. त्याशिवाय पुन्हा त्या मातीत उतरायचं कसं, हे मला कळेना. दाराशी पोचलो तर आतून फावड्याचा आवाज येत होता.

आबा हौद खणत होते. सदरा काढलेला, गुडघ्यांना फडकी, आणि दर फावड्याला तोंडातून एक हुंकार. दिवसभर घमेल्यावरून न उठणाऱ्या त्या माणसाने जवळजवळ अख्खा हौद उपसून वरखाली केला होता. घामाने माती त्यांच्या पोटाला, छातीला चिकटली होती.

"आबा, पाठ माझी टेकली," मी म्हणालो.

"तुझीच टेकली. टेकायला शिकवली कोणी?" फावडं न थांबवता ते म्हणाले. "माझ्या आखाड्यात हे मी पहिल्यांदा केलं. म्हणून खणायची माती माझ्याकडे."

खणणाऱ्याला मदत करायची नाही आणि काही विचारायचं नाही. मी काठावर उभा राहिलो. मला पुढे होऊन त्यांच्या हातातलं फावडं ओढून घ्यावंसं वाटत होतं, रडावंसं वाटत होतं, आणि मी तसाच उभा राहिलो. बाहेर दूधवाल्यांच्या सायकली सुरू झाल्या. आबा कोपऱ्यापर्यंत आले, थांबले आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाले. कोपऱ्यात हातभर जमीन घट्टच राहिली होती. त्यांनी फावडं माझ्यापुढे धरलं.

"एवढी तुझी," ते म्हणाले. "आणि इथून पुढच्या सगळ्या हारी तुझ्या."

मी उतरलो आणि ती हातभर माती खणली, चांगली खोल. ढेकळं हाताने फोडली. मग वाकून चिमूटभर घेतली आणि कपाळाला लावली. आबांना वाकवत नव्हतं. त्यांनी नुसती मान पुढे केली, आणि त्यांच्या कपाळाला ती मी लावली.